आईने सोडलेला भात

देवाने आपलं काही ऐकावं एवढी आपली लायकी नाही, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. देव आहे की नाही ही शंका मला कधी आली नाही. तो आहे आणि त्याला माझं सगळं ठाऊक आहे, हीच माझी अडचण होती. म्हणून देवळात जायचं मी टाळायचो. घरच्या देव्हाऱ्यापुढेसुद्धा आंघोळ झाल्यावर घाईघाईने हात जोडायचे आणि नजर वर न करता डबा उचलून निघायचं, अशी माझी रीत. आज हे लिहायला बसलो तो कुणाला उपदेश करावा म्हणून नव्हे. जे घडलं ते सांगावं आणि त्यातला माझा वाटा किती वाईट होता तेही लपवू नये, एवढंच मनात आहे.

अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात मी स्टोअर्सचा ऑफिसर होतो. राहायला बदलापूरला, बेलवलीत. घरात आई, बायको, मुलगी आणि मी. नोकरी बसून करायची, वर खाण्याची हौस, त्यामुळे तिशी ओलांडली तशी पँटची कंबर दरवर्षी वाढत गेली. शहाऐंशी सालाच्या सुमारास सतत तहान लागू लागली, गळवं होऊ लागली. तपासणीत साखर निघाली. आमच्या डॉक्टरांनी वजनकाट्यावर उभं केलं तेव्हा काटा अठ्ठ्याण्णवावर गेला. "गोड बंद, तळलेलं बंद, आणि वीस किलो उतरवा. गोळ्यांवर भरवसा ठेवून बसू नका," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर मी मोठ्या तोंडाने जाहीर केलं की उद्यापासून सगळं बंद. आणि घरात ते बंद झालंही. बायको माझ्यासाठी ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मुगाचं वरण असं वेगळं करू लागली. चहात साखर पडेना.

पण कारखान्याच्या खरेदीसाठी आठवड्यातून दोन-तीनदा मला उल्हासनगरला, सिंधी व्यापाऱ्यांच्या कॅम्प एक या भागात जावं लागे. तिथं दुकानदार सगळे ओळखीचे झालेले. "आओ साईं, बैठो," म्हणून कुणी दाल-पकवान मागवायचा, कुणी गरम जिलबी. सुरुवातीला ते आग्रह करायचे. पुढे पुढे मीच काम नसताना तिकडे जाण्याचं निमित्त शोधू लागलो. पाक लागलेली बोटं नळाखाली धुवायची, मिशा पुसायच्या, वर एक पान खायचं आणि घरी येऊन मुकाट भाकरीला बसायचं. ताटाकडे पाहून कपाळाला आठ्या घालायच्या, म्हणजे आपण किती सोसतो आहोत ते घरच्यांना दिसावं. रक्ततपासणीच्या आधी तीन दिवस मात्र मी खरंच पथ्य पाळायचो. रिपोर्ट बरा यायचा आणि डॉक्टर गोंधळायचे, कारण वजन उतरत नव्हतं. वजनाला फसवता येत नाही.

आई मूळची मुरबाडकडच्या खेड्यातली. भात हेच तिचं जेवण. सकाळी पेज, दुपारी भात, रात्रीही भात. भाकरी म्हणजे तोंडी लावायला, असं ती हसत म्हणायची. माझ्या दुखण्याला वर्ष झालं तेव्हा एका सोमवारी तिने देवापुढे पाणी सोडलं आणि बायकोला सांगितलं, "आजपासून मला भात वाढू नको. याचं वजन उतरेल आणि डॉक्टर बरा म्हणेल, त्या दिवशी जेवीन भात." आम्हांला वाटलं, चार दिवसांचं आहे. पण महिना गेला, दिवाळी गेली, गावाहून नवा तांदूळ आला. सगळ्या घरात त्याचा वास सुटला आणि ती नाचणीची भाकरी आमटीत कुस्करून खात बसली. तिचे दात पडायला लागले होते. भाकरी तिला चावत नव्हती. मामाच्या मुलीच्या लग्नात पंगतीत साधा भात, मसालेभात वाढत गेले आणि आई पानावर हात आडवा धरून बसली, ते मी समोरच्या पंगतीतून पाहिलं. पाहिलं, आणि वाढप्याकडे आणखी दोन जिलब्या मागितल्या.

मला तिच्या व्रताचा राग यायचा. आपल्यामुळे कुणी त्रास सोसतंय हे पाहणं जड जातं, आणि ते जडपण रागाच्या रूपाने बाहेर पडतं. एका संध्याकाळी मी कॅम्पातून आलो होतो. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, म्हणून आईनेच माझं पान वाढलं. माझ्या शर्टावर तेलाचा डाग होता. तिने तो पाहिला, काही बोलली नाही. स्वतःची भाकरी पाण्यात भिजवू लागली. तिचं ते न बोलणं मला सहन झालं नाही. मी ओरडलो, "तू भात सोडल्याने माझी चरबी वितळणार आहे का? मी सांगितलं होतं सोडायला? खा मुकाट्याने, उगाच माझ्या डोक्याला पाप लावू नकोस!"

ती भाकरी कालवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुला खाऊ नको म्हणायची ताकद माझ्यात नाय रे बाबा. स्वतःला म्हणायची हाय. तेवढंच करते."

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्या रात्री जेवलो नाही, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा कॅम्पात गेलो. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे. पश्चात्ताप होणं आणि सुधारणं यांत किती अंतर असतं, हे ज्याने एखादी वाईट सवय बाळगली आहे त्यालाच कळेल.

अशी चार वर्षं गेली. माझ्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या. रस्त्यात पायातली चप्पल मागे राहायची आणि चार पावलं गेल्यावर कुणीतरी हाक मारायचं. मी हसण्यावारी न्यायचो. त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात आईने हट्ट धरला, "मला एकदा शिवमंदिरात ने. माझे गुडघे गेले, पुढल्या वर्षी जमेल न जमेल." मी कुरकुरतच तयार झालो. अंबरनाथला उतरून रिक्षा केली. पोचेपर्यंत दुपारचे बारा वाजून गेले होते. गाभारा खाली, पायऱ्या उतरून जायचं. मी आईला धरून उतरवलं. खाली अंधार, गारवा आणि ओल्या बेलपानांचा वास. आई पिंडीवर हात ठेवून किती तरी वेळ ओठ हलवत राहिली. ती काय मागते आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी दुसरीकडे पाहत होतो. वर येताना मला तिच्यापेक्षा जास्त धाप लागली.

आई सावलीत बसली आणि म्हणाली, "माझ्या वाटणीच्या पाच प्रदक्षिणा तू घाल." मी निघालो. फरशीवर ऊन रणरणत होतं. आलेले लोक टाचा उचलून, हाय-हुय करत एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळत होते. मी मात्र शांतपणे एकेक पाऊल टाकत चाललो होतो, आणि मनात थोडासा अभिमानही वाटला की बघा, देवाच्या कामाला आपलं मन किती स्थिर झालं आहे. तिसरी प्रदक्षिणा चालू असताना भिंतीकडेला बसलेल्या एका माणसाने मला हाक मारली. वय साठीच्या आसपास, पांढरा लेंगा-सदरा, शेजारी कुबडी.

"साईं, इधर आओ. बैठो जरा."

मला वाटलं, काही मागायचं असेल. मी पुढे जाणार, तर त्याने कुबडी आडवी धरली. "सब लोग भाग रहे हैं. तुम अकेले आराम से चल रहे हो. पाँव जलता नहीं?"

"नाही," मी म्हणालो. "कुछ नहीं लगता."

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाला, "शुगर है?"

मी मान हलवली. त्याने मला हाताला धरून खाली बसवलं आणि म्हणाला, "तलवा देखो अपना." मला बघता येईना. पोट आड येत होतं. पाय वर ओढला तरी तळवा काही दिसेना. तेव्हा त्या अनोळखी माणसाने माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. माझा संकोचाने जीव गेला. त्याने तो थोडा वळवून मला दाखवला. तळव्याची कातडी भाजून फुगली होती, आणि करंगळीच्या बुडाशी एक खिळा माथ्यापर्यंत घुसलेला होता. आजूबाजूला काळं झालेलं. तो आजचा नव्हता. किती दिवस मी तो घेऊन चालत होतो, देव जाणे.

मग त्याने स्वतःच्या लेंग्याची उजवी बाजू वर केली. गुडघ्याखाली लाकडाचा पाय होता. "मेरा भी ऐसे ही शुरू हुआ था," एवढंच तो म्हणाला. तोवर आई उठून जवळ आली होती. तिने माझा तळवा पाहिला, त्याचा पाय पाहिला, आणि त्याच्यापुढे हात जोडले. त्याने घाबरून तिचे हात धरले. "माताजी, ये मत करो. रिक्षा बुलाओ पहले."

त्यानेच आम्हांला उल्हासनगरातल्या एका हॉस्पिटलात नेलं, ओळखीच्या डॉक्टरांपुढे उभं केलं आणि निघून गेला. बावीस दिवस मी तिथं होतो. करंगळी काढावी लागली. आणखी आठवडा गेला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. पुढे तीन-चार महिन्यांनी मी त्या माणसाला शोधत कॅम्प एकमध्ये फिरलो आणि तो सापडलाही. कापडाच्या तुकड्यांचं छोटं दुकान होतं त्याचं. मला वाटलं होतं तो ओळखेल. त्याने बराच वेळ आठवून पाहिलं आणि हसून म्हणाला, "साईं, बुरा मत मानना. अपना पाँव गया तब से मैं सबके पाँव देखता हूँ. कितनों को बोला होगा." त्या दिवशी देवळात कसे आलात, असं विचारलं. तर शेजाऱ्यांबरोबर आला होता, ते आत गेले आणि पायऱ्या जमत नाहीत म्हणून हा बाहेर बसला. एवढंच. मी त्याच्याकडून याहून मोठं काही ऐकायला गेलो होतो. परत येताना वाटलं, याहून मोठं आणखी काय असतं?

हॉस्पिटलातून घरी आलो त्या दिवशीच मी देव्हाऱ्यापुढे बसलो होतो आणि पहिल्यांदाच खरं बोललो. शपथा मी पुष्कळ घेतल्या होत्या, त्या दिवशी घेतली नाही. म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. आजचा दिवस तू सांभाळ, उद्याचं उद्या विचारीन. पायाची जखम भरल्यावर नदीच्या दिशेने चालायला लागलो, आधी चौकापर्यंत, मग थोडं पुढे. कॅम्पातली खरेदी साहेबांना सांगून दुसऱ्याकडे दिली. मध्ये दोनदा घसरलो, एकदा तर एका बारशाला ताटभर बर्फी खाल्ली. पण या वेळी घरी येऊन सांगितलं. बायको रडली, आई म्हणाली, "सांगितलंस ना, झालं तर."

वजन उतरायला दीड वर्षाहून जास्त लागलं. काटा शहात्तरावर आला त्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बायकोने गावचा नवा तांदूळ शिजवला, वर साजूक तूप. आईच्या पुढे पान मी ठेवलं. तिने पहिला घास देवाला दाखवला, तोंडात घातला. दुसरा घातला. मग बराच वेळ तो तोंडात घोळवत राहिली आणि ओशाळून माझ्याकडे पाहिलं. "नुसताच फिरतोय रे तोंडात. चव कळत नाय. पण गोड हाय हो, गोड हाय." तिने आणखी दोन घास माझ्या समाधानासाठी गिळले आणि सुनेला हळूच म्हणाली, "भाकरीच दे गं, आमटीत भिजवून."

पाच वर्षांहून अधिक काळ माझ्या खोटेपणाची किंमत तिने भरली होती. वजन उतरवून मी माझा पाय वाचवला, कदाचित जीवही वाचवला. तिची भाताची चव मात्र मला परत आणता आली नाही. माणसं म्हणतात, देवाने क्षमा केली की सगळं धुऊन निघतं. माझा अनुभव असा की क्षमा होते, पण जे गेलं ते गेलेलंच राहतं, आणि ते तसं राहिलेलं पाहत जगणं हाही त्या क्षमेचाच भाग असतो.

हॉस्पिटलातून आल्यापासून माझे तळवे रोज पाहण्याचं काम आईने स्वतःकडे घेतलं होतं. सकाळी चहा झाला की ती खाली बसायची, माझा पाय मांडीवर घ्यायची, आणि डोळ्यांना कमी दिसायचं म्हणून बोटांनी एकेक जागा चाचपायची. मोठ्या वयाच्या मुलाचा पाय आईच्या मांडीवर, मला फार लाज वाटायची. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मला खाली वाकता येत नव्हतं. आपण स्वतःला पुरते ओळखतो असं माणसाला वाटतं, पण स्वतःचा तळवा दुसऱ्यानेच दाखवावा लागतो. शरण जाणं म्हणजे काय हे मला कोणत्या पोथीने नाही, त्या सकाळींनी शिकवलं. पाय पुढे करायचा, आणि जे दिसेल ते दिसू द्यायचं.

पोट उतरलं तसं एके दिवशी मला वाकता आलं. एकटा असताना मी पाय वळवून पाहिला, आणि सगळा तळवा नीट दिसला. तिला ते मी सांगितलं नाही. ती होती तोवर, आणखी तीन वर्षं, रोज सकाळी तिच्यापुढे पाय करून बसत राहिलो. ती चाचपून म्हणायची, "काय नाय, बरा हाय." आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात देवाचे आभार मानायचो.