बाई हे नाव नव्हे

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६. चर्चमधली पितळी पाटी घासायची होती. लंडनमधल्या हॅरोतल्या त्या चर्चचा हॉल आमच्या मराठी वर्गाला शनिवारी मिळायचा, त्या बदल्यात आम्ही साफसफाईला हात लावायचो.

चर्च एका इंग्रज विधवेनं बांधलेलं. मुंबईहून परतताना जहाज बुडालं, त्यात तिची दोन मुलं गेली. त्यांची आठवण म्हणून हे चर्च. पाटीवर मुलांची नाव-आडनावं, वयं, सगळं. खाली बारीक अक्षरांत, 'आणि त्यांची इमानी आया, बाई'.

मी घासत होते तेवढ्यात चर्चच्या सेक्रेटरी कागद घेऊन आल्या. बाहेर नवा बोर्ड लागणार होता, त्याचा मजकूर. "बघा, तुमच्यातलीच आहे," म्हणाल्या. कागदावर होतं, 'मिस बाई, जिने मुलांसाठी प्राण दिले.'

"प्राण दिले हे कुणी पाहिलं?" मी विचारलं. "आणि बाई हे नाव नाही. आमच्याकडे कामाला येते ती बाई, शाळेत शिकवते तीही बाई."

"पाटीवर तर नाव म्हणूनच आहे."

"पाटी चुकलीय."

"इतक्या वर्षांत कुणी तक्रार केली नाही."

"वाचून कळणारं कुणी आलं नसेल."

त्या जरा तांबड्या झाल्या. "मग खरं नाव सांगा, तेच घालू. उद्या प्रार्थनेनंतर कागद छपाईला जाईल."

खरं नाव मी कुठून आणणार?

घरी येऊन पिशवी आपटली. नवरा कोथिंबीर निवडत होता. "दोन पोरं हिच्या जिवावर सोडली आणि नाव विचारायला कुणाला फुरसत नाही!"

"अगं, तुझ्या आईकडे भांड्याला येतात त्यांचं नाव काय?"

"बाई," मी म्हणाले आणि थांबले. वीस वर्षं येताहेत. तो हसला. माझा मलाच राग आला असं म्हणायला हवं. पण त्याचाही आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पुण्याला फोन लावला. "आई, भांड्याच्या बाईंचं नाव काय?"

"का गं? मागे आलीस तेव्हा काही हरवलं का तुझं?"

नाव विचारायला आमच्याकडे काहीतरी हरवावं लागतं. "काही हरवलं नाही. आल्या की विचार आणि मला कळव," म्हणून फोन ठेवला.

मग चर्च गाठलं. प्रार्थना संपल्यावर सेक्रेटरींकडून कागद मागून घेतला, 'मिस बाई'ची अख्खी ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'मुलांना सांभाळणारी मुंबईची एक स्त्री. तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.'

"हे जरा कडक वाटतं," त्या म्हणाल्या.

"खरं आहे," मी म्हणाले, आणि कागद छपाईच्या पाकिटात जाईपर्यंत तिथून हलले नाही.