मागाच्या लाकडांची परांची

मागच्या भिंतीचा गिलावा सज्जाखाली सुटला होता. गवंडी तीनदा उद्या येतो म्हणाला आणि आला नाही, म्हणून परांची घरीच बांधली. चार उभे बांबू बाजारातून आणले. आडवे दांडे आणि फळ्या शेजारच्या काकांच्या मोडलेल्या हातमागाच्या. दोर तुकड्यांत होता, तो काकांनी जोडून बांधला. सूत सांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं, म्हणून मी गाठी तपासल्या नाहीत.

मी दहा फुटांवर उभा राहून सुटलेला गिलावा हातोडीने पाडत होतो. खाली काका-काकू तेलुगूत बोलू लागले. दोघांची बोटं माझ्या पायाखालच्या एका गाठीकडे होती. इतक्या वर्षांच्या शेजारात मला जेवणापाण्यापुरतीच तेलुगू आली आहे. हे बोलणं जेवणापाण्याचं नव्हतं.

"काय झालं, काका?"

"काय न्हाई. हलू नको."

"उतर की लवकर," काकू म्हणाल्या.

"नक्की काय करू?"

"तिचं ऐकू नको."

"तुमचं ऐकूनच वर चढलाय त्यो."

काका गाठीकडे बघत म्हणाले, "दोराला सुताची गाठ बसली. हात आपोआप गेला बघ. ताण हाय तोवर धरती. ढिली पडली की सुटती."

"म्हणजे मी उभा आहे म्हणून ती टिकली आहे?"

"व्हय."

"आणि उतरलो तर?"

"तेच बोलायलोय की आमी."

"मग काय, ह्याला जेवाय वरच वाढायचं का?" काकूंनी विचारलं.

दोघांचंही बरोबर होतं. हातोडी खाली टाकणार होतो, पण तेवढं वजन कमी करावं की नाही, ते कळेना. ती हातातच धरून राहिलो.

शेवटी काकूंनी त्या गाठीच्या दोराचं लोंबतं टोक काकांच्या हातात दिलं. काकांनी ते दोन्ही हातांना गुंडाळलं, भिंतीला पाय लावला आणि ओढून धरलं. "ये आता."

मी एक पाय भिंतीला लावलेल्या शिडीवर टाकला. फळी किंचित वर आली. गाठ सरकली, पण दोर ताठ राहिला. दुसरा पाय टाकला आणि खाली उतरलो.

परांची उभी होती. तिच्या बरोबर खाली काका, हातांना दोर गुंडाळून.

"आता मी सोडू का?" त्यांनी विचारलं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. मी वरच्या फळ्यांकडे पाहिलं, मग काकांच्या डोक्याकडे.

"थांबा," मी म्हणालो. त्यापुढे काय सांगायचं, ते मला माहीत नव्हतं.