डावी मनगटं

मला पडायला शिकायचं होतं. खरं कारण एवढंच होतं, पण ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई असलं काही बोलली की घरचे आधी एकमेकांकडे बघतात आणि मग डॉक्टरांची वेळ घेतात.

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी बावीस वर्षं एक्स-रे काढते आहे. बाथरूममध्ये घसरलेल्या, शेवटची पायरी न दिसलेल्या, ओल्या अंगणात पाय सटकलेल्या बायका माझ्या टेबलावर येतात. पन्नाशीनंतर खुब्याचं हाड मोडलं की पुढे काय होतं ते मला कुणी सांगायला नको. एका दुपारी वरच्या फळीवरून फायली काढून मी स्टुलावरून उतरत होते, आणि लक्षात आलं की आपण भिंत धरून, आडवं वळून, एकेक पाय चाचपत उतरतोय. अगदी त्या बायकांसारखं. मी घाबरले. घाबरले की मला राग येतो, आणि राग आला की मी काहीतरी करायला निघते.

टीव्हीवर लहान मुली हातांवर पलटी घेताना, चुकून पडतानासुद्धा कशा गोल होऊन पडतात ते मी पाहिलं होतं. म्हणून जिम्नॅस्टिक्स. गंगापूर रोडवरच्या एका काचेच्या दारांच्या केंद्रात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मुलीचं वय किती?" मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस." तिने फॉर्मवर ते लिहिलं, मग खोडलं, आणि मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या ठिकाणी एका पोरसवदा प्रशिक्षकाने "आंटी, योगाची बॅच सकाळी असते" असं म्हणून मला पत्रक दिलं. ते मी त्याच्यासमोरच दुमडून पर्समध्ये टाकलं आणि पुढे महिनाभर किराण्याच्या यादीसाठी वापरलं. तिसऱ्या ठिकाणचे गृहस्थ वयाने मोठे होते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाला काही झालं तर आमच्या गळ्यात येईल." मला तो माणूस भित्रट वाटला. आता वाटतं, त्या सगळ्यांत शहाणा तोच होता.

मग एक दिवस माझ्या टेबलावर साठीची एक बाई आली. बँकेतून निवृत्त झालेली, डावं मनगट मोडलेलं, हात कोपरापासून सुजून टम्म. आणि ती हसत होती. मी हात प्लेटवर ठेवताना ती म्हणाली, "पाच सेकंद उभी होते हो! हातांवर! मोजले सगळ्यांनी! हे मनगट मग उडीत गेलं." मी विचारलं, कुठे? वेदनेने डोळ्यांत पाणी असताना तिने मला सगळा पत्ता सांगितला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्याची शेड आहे, तिथे एक सर मोठ्या माणसांना शिकवतात, वय विचारत नाहीत, स्पर्धेलाही पाठवतात. मोडलेल्या हाडाने आपल्याला पत्ता सांगितला, याचं मला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. मी एक्स-रे काढला आणि पत्ता लिहून घेतला.

सर देवळाली कॅम्पमधून निवृत्त झालेले. सैन्यात जवानांची कसरत घ्यायचे. साठीचे, काटक, आवाज असा की पत्र्यावरची कबुतरं उडायची. त्यांनी मला वय विचारलं नाही. "खाली बसा, हनुवटी छातीला लावा, आणि मागे लोळा," म्हणाले. मी लोळले. उठले तेव्हा ते म्हणाले, "शाब्बास, जवान." मला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी शाब्बास म्हटलं आणि मी न सांगताच पुन्हा एकदा लोळले, हे कबूल करते.

आम्ही नऊजण होतो. आधी तिथे मुलांची मोठी बॅच होती म्हणे. भिंतीवर अजून छोट्या छोट्या तळहातांचे पांढरे ठसे होते. पालक एकेक करून मुलं काढून घेऊन गेले, आणि मग सरांनी मोठ्यांसाठी दार उघडलं. पालकांनी मुलं का काढली, हे आम्ही कुणी विचारलं नाही. आम्हाला आत घेतलं होतं, ते आम्हाला पुरेसं होतं.

तिथेच मला ताई भेटल्या. दिंडोरीकडच्या, द्राक्षबागवाल्या, चोपन्न वर्षांच्या. आयुष्यभर मांडवाखाली हात वर करून छाटण्या केलेल्या, त्यामुळे खांद्यांत अशी ताकद की सरांनी पहिल्याच आठवड्यात तोंडात बोट घातलं. घरी त्यांनी सांगितलं होतं, गुडघ्याला शेक घ्यायला नाशिकला जाते. मी एकदा म्हटलं, अहो, एवढा लांबलचक शेक कुणाला खरा वाटेल? तर म्हणाल्या, "ल्योक म्हनतो, आई, शेक लय मानवला तुला, उड्या मारत चालती." आणि आम्ही दोघी मॅटवर पडून हसलो.

मग स्पर्धेचा फॉर्म आला. पुण्याला चाळिशीच्या पुढच्या नवशिक्यांसाठी स्पर्धा होती. अट एकच: प्रत्येकाबरोबर त्याचा प्रशिक्षक हवा, प्रशिक्षक नसला तर नाव बाद. ताईंनी फॉर्म दोन्ही हातांत धरून वाचला. म्हणाल्या, "मॅडम, आजवर जिथं नाव लागलं तिथं मालकाचं लागलं. सातबाऱ्यावर, पावतीवर, लग्नपत्रिकेत. ह्याच्यावर माझं एकलीचं हाय." त्यांनी उडी निवडली ती धावत येऊन दोन्ही हात टेकायचे, अंग वरून पलटायचं आणि पायांवर उभं राहायचं. ही उडी शिकताना सर डाव्या बाजूला गुडघ्यावर बसतात. त्यांचा उजवा हात आपल्या खांद्याखाली येतो, डावा कमरेखाली. त्या दोन हातांच्या भरवशावर माणूस डोकं खाली करतो.

याच सुमारास आमच्यातले पोस्टातले काका माझ्या टेबलावर आले. डावं मनगट. "माझीच चूक," म्हणाले, "पाय लवकर सोडला." दीड महिन्याने आमच्यातलीच एक शिवणकाम करणारी बाई आली. डावं मनगट. "माझंच वजन वाढलंय हो," म्हणाली. तिचा फोटो पडद्यावर आला आणि मी तशीच बसून राहिले. बाहेर रांग होती, वॉर्डबॉय दोनदा डोकावून गेला. माझ्याकडे येणारी मनगटं डावी असतात, उजवी असतात, कशीही असतात. बँकेतल्या बाईंचं धरून एकाच शेडमधून आलेली तिन्ही डावी होती, आणि तिन्ही त्याच उडीत मोडली होती. खांद्याखालचा हात उशिरा आला की अंग डावीकडे कलतं आणि सगळा भार डाव्या मनगटावर येतो. मनगटावर आला तर नशीब म्हणायचं. थोडं आणखी कललं तर मान येते.

दुसऱ्या दिवशी मी सरांचा हात बघायला लागले. बघणं हेच माझं काम आहे. चहाचा ग्लास ते आता डाव्या हाताने धरत. पाण्याच्या बाटलीचं झाकण पोटाशी दाबून उघडत. शर्टाचं वरचं बटण उघडंच असायचं, आणि हा माणूस बटणाच्या बाबतीत सैन्यातला होता. एकदा ते हजेरी लिहीत असताना मी अगदी जवळ उभी राहिले. उजव्या हाताच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधला मांसल भाग आत बसला होता. तिथे खड्डा पडला होता. हा खड्डा एका दिवसात पडत नाही, आणि तो भरूनही येत नाही. मुलांच्या पालकांनी काहीतरी पाहिलं असणार, हे मला तेव्हा कळलं. मुलांना घरी नेणारं कुणीतरी होतं. आम्ही स्वतःच स्वतःचे पालक होतो.

तरी मी बोलले नाही. आमच्या कामात फोटो आधी आम्हाला दिसतो, पण बोलायचं नसतं. माणूस टेबलावरून उठता उठता विचारतो, मोडलंय का हो? आपण म्हणायचं, डॉक्टर सांगतील. बावीस वर्षं हे म्हणून म्हणून माझी जीभ तशीच वळली आहे. पण हे कारण मी स्वतः चांगली दिसावी म्हणून सांगते आहे. खरं कारण वेगळं होतं. मीही फॉर्म भरला होता. मला कोलांट्या येत होत्या, मी हातांवर तीन सेकंद उभी राहत होते, स्टुलावरून मी आता सरळ उडी मारून उतरत होते. बोलले की शेड बंद. शेड बंद झाली की पुन्हा ती काचेची दारं आणि आंटी, योगाची बॅच सकाळी असते. मी माझी उडी बदलून घेतली. सरांना म्हटलं, मला लोळण्याच्याच प्रकारात उतरू द्या, त्यात कुणाला धरावं लागत नाही. म्हणजे माझी मान मी सोडवून घेतली होती. ताईंची तिथेच होती.

ताई रोज धावायच्या आणि मी रोज सरांच्या उजव्या हाताकडे बघायचे. कधी तो वेळेवर यायचा. कधी वितभर मागे राहायचा आणि ताई आपल्या खांद्यांच्या ताकदीवर निभावून न्यायच्या. दोनदा त्या वाकड्या उतरल्या. "माझाच पाय चुकला," म्हणाल्या. आमच्यात प्रत्येकजण हेच म्हणायचा. मोठ्या वयात शिकायला आलेल्या माणसाला आपलंच चुकलं असं वाटायला वेळ लागत नाही.

शेवटी परवा मी ठरवलं. वर्ग चारला सुरू होतो, मी साडेतीनला गेले. सर एकटे मॅट अंथरत होते. डाव्या हाताने ओढत होते, उजवा नुसता सोबतीला होता. मी वाक्य पाठ करून गेले होते. "सर, तुमच्या हाताला काहीतरी झालंय. ताईंना आता धरू नका."

त्यांनी मॅट खाली ठेवली. चिडले नाहीत. उजवा हात पुढे करून त्याच्याकडे असे बघत राहिले, जसा तो दुसऱ्या कुणाचा हात असावा.

"किती दिवसांपासून माहितीये तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"दोन महिने झाले."

"मला आठ." मग म्हणाले, "डॉक्टर म्हणतात मानेतून आलंय. अजून तपासण्या सांगितल्यात. गेलो नाही. तपासणी केली की थांबावं लागेल, आणि थांबलो तर मी सकाळी उठून करू काय? पण आता बस झालं. त्या शिवणवाल्या बाईचं मनगट मोडलं त्या दिवशी जेवलो नाही मी. शनिवारी सगळ्यांना सांगतो. बंद करू."

मी यासाठीच गेले होते. माझं काम झालं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं, बरोबर आहे सर, आणि मॅट अंथरायला हात लावायचा होता. त्याऐवजी माझ्या तोंडून आलेलं वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"स्पर्धेपर्यंत थांबा ना, सर. तुम्ही नसलात तर सगळ्यांची नावं बाद होतील. मी कुणाला काही बोलणार नाही."

मला वाटलं, हा सैन्यातला माणूस आहे, आता ओरडेल, मला बाहेर काढेल. त्यांनी ओरडायला हवं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. कुणीतरी आपल्याला हवं तेच सांगितलं की माणसाच्या चेहऱ्यावर तसं येतं. "स्पर्धेपर्यंत," ते म्हणाले, आणि मान हलवली.

तेवढ्यात ताई आल्या. बसमधून उतरून चालत आलेल्या, कपाळावर घाम. पदर खोचतात तशी त्यांनी सलवार कुर्त्याची ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय वं मॅडम, तोंड का उतरलं? काय झालं का?"

"काही नाही," मी म्हटलं.

"मग सर धरणार ना आज? नायतर आपलं उद्या बघू."

विचारलं होतं त्यांनी मला. सर तिथे होते, तरी त्यांनी मला विचारलं, कारण मी दवाखान्यातली, मला शरीरातलं कळतं असं त्यांना वाटतं. सर मॅटच्या कडेला गुडघ्यावर बसले. त्यांनी आमच्या कुणाकडे पाहिलं नाही.

"धरतील," मी म्हटलं.

ताई भिंतीपर्यंत मागे गेल्या आणि धावत आल्या. हात टेकले, पाय वर गेले, आणि त्या क्षणी मी डोळे मिटले. रोज बघणारी मी, त्या दिवशी बघितलं नाही. थड असा आवाज झाला. डोळे उघडले तर ताई दोन्ही पायांवर सरळ उभ्या होत्या, हात वर, आणि सगळं तोंड हसत होतं. त्या माझ्याकडे पळत आल्या, मला मिठी मारली, त्यांच्या कुर्त्याला घामाचा आणि औषधफवारणीचा वास होता. "पाह्यलं का, मॅडम? आता रोज धा काढायच्या!" एव्हाना आलेले पोस्टातले काका डावं मनगट जपत टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

हे परवाचं. स्पर्धेला अजून एकवीस दिवस आहेत, आणि ताई रोज दहा उड्या मारतात.