सोपानाच्या म्हशीवरचा आळ

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. ती आधी पोटभर हसली असती, आणि मग सोपानाच्या घरी जाऊन सांगून मोकळी झाली असती. तुम्हाला म्हणून सांगतो.

पुणतांब्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. बाहत्तरच्या दुष्काळात गोदावरीतला आमचा डोह तळापर्यंत आटला. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, पण तळाचं शेवाळ काही आलं नाही, आणि त्यात वाढणारी मासळीही नाही. मग मीच पुढाकार घेतला. नेवाशाहून, प्रवरेतलं शेवाळ ओल्या गोणपाटात बांधून एसटीने आणलं – कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच! गावाने त्याच्या जुड्या सुतळीने दगडांना बांधून डोहात सोडल्या. दर रविवारी मी बुडी मारून बघायचो – शेवाळ कुठवर पसरलं, माशांची पिल्लं दिसतात का. उन्हाळ्यापर्यंत तळ हिरवागार झाला. काय मिरवलो म्हणून सांगू!

सूर मारण्यात तर माझा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. एका रविवारी सगळा घाट बघत असताना मी खडकावरून सूर मारला. पायाला काहीतरी गुंडाळलं – आणि मी वर येऊन किंचाळलो, "साप! साप!" पायात शेवाळ होतं. धुणं धुणाऱ्या बायकांची हसून हसून मुरकुंडी वळली.

मग मी काय केलं? दुसऱ्या दिवशी भर दुपारी, घाट रिकामा असताना, खडकाखालचं सगळं शेवाळ उपटून टाकलं. पिल्लं सैरावैरा पळाली, तरी थांबलो नाही. एवढ्यावर निभावलं असतं तर – पण गावाने विचारलं, शेवाळ गेलं कुठे? मी म्हणालो, सोपानाच्या म्हशीनं खाल्लं असावं. सोपाना माझा शेजारी. तो एवढंच म्हणाला, "इतक्या खोल ती जात न्हाई. पर मास्तर, तुमी म्हनता तर आसंल."

म्हशीला डोह बंद झाला. उन्हाळाभर सोपाना लांबच्या विहिरीवरून पाणी शेंदून तिला पाजायचा. डुंबायला मिळेना, तशी ती दुधाला कमी झाली. मला हे रोज दिसत होतं की!

पावसाळा सरला. शेवाळ पुन्हा दाटलं, मासळी आली, माझं कौतुक झालं. त्याच संध्याकाळी सोपाना तांब्याभर दूध घेऊन दारात उभा. "मास्तर, लई नुकसान केलं तिनं तुमचं. मुकं जनावर हाय, माफी करा."

मी मोठ्या मनाने माफ केलं. दूध ठेवून घेतलं, त्याचा चहा केला. चहा चांगला झाला होता.