उस्तादांनी निवडलेली तीन घड्याळं

लखनौजवळच्या चिनहटमधल्या आमच्या कारखान्यात घड्याळाची मशीन, म्हणजे आतली सगळी यंत्रणा, घरचीच असायची. मशीन बाहेरून आणून वर आपलं नाव छापणाऱ्यांना आम्ही नाकं मुरडायचो. साताऱ्याहून आलेल्या माझ्यासारख्या ठोंब्या इंजिनियरला केसाएवढी बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायला शिकवली ती मशीन विभागाच्या उस्तादांनी. प्रत्येक घड्याळ ते कानाला लावून ऐकत. त्यांनी मान हलवली की मगच पासचा शिक्का बसायचा.

चार वर्षांपूर्वी मॅनेजरसाहेबांनीही बाहेरच्या मशीनचं काढलं. तसं झालं तर उस्तादांचा विभाग बंद होणार होता. उस्ताद म्हणाले, "दोनों लगाकर दीजिए, मैं कान से बता दूँगा।" साहेब कबूल झाले. एकसारखी सहा घड्याळं, तीन आमच्या मशीनची, तीन बाहेरच्या. उस्तादांनी सरस तीन निवडायची. ती आमची निघाली तर विभाग राहील. कोणतं कुठलं, याची यादी फक्त माझ्याकडे.

उस्तादांनी निवांत ऐकलं आणि तीन घड्याळं बाजूला काढली. तिन्ही बाहेरची होती.

"हमारी ही हैं ना?"

"हाँ उस्ताद, तीनों।"

आणि खरी यादी सही करून मी गुपचूप साहेबांकडे दिली. म्हटलं, विभाग तर जाणारच, निदान हरल्याचं दुःख त्यांना नको. लखनौच्या महानगर मोहल्ल्यातल्या आमच्या घरी बायको म्हणाली, "अहो, उद्याच्या उद्या सांगून टाका त्यांना." मी भित्रा, उद्या-उद्या करत राहिलो.

विभाग बंद होत असल्याची नोटीस लागली तेव्हा उस्ताद विभागातल्या सगळ्यांना घेऊन तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले. "हम जीते थे," असं म्हणाले. साहेबांनी यादी पुढे केली. खाली माझी सही होती.

मी बाहेरच उभा होतो. ते आले, इतरांना पुढे जाऊ दिलं. एरवी मला बेटा म्हणणारे उस्ताद म्हणाले, "उसी दिन बता देते, साहब। मैं इन सबको लेकर न जाता।"

मला रडू आवरेना. ते थांबले नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि काम महिनाभराचंच उरलं होतं.