पंखभिंतीमागचा पोकळ आवाज

बंधारा गेल्याचं कळलं तेव्हा मी लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. मामेभावाचा फोन होता. "दादा, डाव्या अंगाचा काठ गेला. अप्पा तिथंच व्हते..." दीड महिना झाला, ते वाक्य कानातून जात नाही.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, माझे शिवाप्पामामा. मुखेडकडच्या आमच्या गावच्या बंधाऱ्याचे चौकीदार, निवृत्तीनंतरही. लहानपणी बंधारा त्यांनीच मला दटावून शिकवला. खांबांच्या खाचांत बर्गे, म्हणजे लोखंडी फळ्या, बसवले की पाणी अडतं. पावसाळ्याआधी ते काढले की पुराला वाट मिळते. खालची फरशी पडत्या पाण्याचा मार खाते. आणि दोन्ही टोकांच्या पंखभिंती काठ धरून ठेवतात. मामांचा सगळा जीव या पंखभिंतींत. "पानी भिंत फोडत न्हाई रे. बाजूचा काठ खातंय अन् मागून निघून जातंय," असं ते सारखं सांगायचे.

त्र्याण्णवच्या भूकंपात डाव्या पंखभिंतीला भेग पडली, तेव्हापासून त्यांना एक खोडच लागली. लोखंडी टोकाची काठी रोज त्या भिंतीवर ठोकायची आणि कान लावून ऐकायचं. भेग वरून बुजवली होती, पण मागची माती सरकलीय, आवाज पोकळ येतोय, हे त्यांचं पालुपद. गाव हसायचं. मीही हसलो, कशाला खोटं बोलू.

यंदा दुष्काळाच्या धास्तीनं गावानं बर्गे काढूच दिले नाहीत. मे महिन्यात मामा लातूरला आले, तास संपेपर्यंत क्लासच्या पायरीवर बसून राहिले.

"तू शिकलेला हाईस. बर्गे काढा म्हून हापिसात एक अर्ज लिहून दे. माझं कोन ऐकून राहिलंय?"

"मामा, एवढी टेस्ट सिरीज संपू द्या."

"हाव," म्हणाले आणि चहाही न घेता गेले. अर्ज मी लिहिला नाही. त्याची लाज मला जन्मभर पुरेल.

पहिल्याच पुरात मामा एकटे बर्गे उपसायला गेले. पंखभिंत आजही उभी आहे. तिच्या मागचा काठ तेवढा नाही.

काठी मामींनी माझ्या हातात दिली. ती क्लासच्या कोपऱ्यात असते. पोरांची गर्दी वाढली तशी आमच्या इमारतीवर घाईघाईनं दोन मजले चढले. परवा तळमजल्यावरच्या खांबावर सहज काठी ठोकली... आवाज पोकळ आला. पुन्हा ठोकली. तोच आवाज. धावत संचालकांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, एवढी टेस्ट सिरीज संपू द्या."

वर पोरं पेपर सोडवत होती. मी काठी उचलली आणि त्यांना खाली आणायला जिना चढू लागलो.