गजभियेची कानस

गजभिये कुणाच्याही घरी गेला की बसण्याआधी टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवायचा. आमच्याकडे पहिल्यांदा आला तेव्हाही त्याने तेच केलं आणि माझ्या बायकोला, सुनीताला, म्हणाला, "वहिनी, इथं ओढणी अडकत असंल तुमची." टेबल घेतल्यापासून अडकत होती. मला ते कधी दिसलं नव्हतं. चहा होईपर्यंत त्याने खिशातल्या पॉलिश पेपरच्या तुकड्याने ती कड गुळगुळीत करून टाकली. पुढे आठवडाभर सुनीता येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कड दाखवत होती आणि मी आतल्या आत जळत होतो.

हा दोन हजार सालानंतरचा काळ. कॅनडातल्या केंब्रिजमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघं इंजिनियर होतो. तो नागपूरचा, मी पुण्याचा. नेमबाजीचा नाद आम्हाला एकदमच लागला. गावाबाहेरच्या क्लबात म्हातारे सभासद जुन्या पद्धतीची रिव्हॉल्व्हरं वापरायचे. त्यांचा घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागतो. लायसन्स हातात पडताच मी दुकानातलं सगळ्यात देखणं रिव्हॉल्व्हर उचललं. काळीनिळी झिलई अशी की त्यात तोंड पाहावं. गजभियेने त्याच दुकानातलं जुनं, कुणाच्या तरी शेतावर वर्षानुवर्षं राबलेलं, सगळ्यात स्वस्त रिव्हॉल्व्हर घेतलं. मला फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं त्या हिवाळ्यापुरतंच टिकलं. कुणीतरी कचऱ्याच्या दिवशी रस्त्याकडेला टाकलेल्या डायनिंग टेबलातून त्याने अक्रोडाची फळी मिळवली आणि बेसमेंटमध्ये बसून तिची मूठ कोरली. आतले भाग धार लावायच्या तेलाच्या दगडावर घासून घोडा इतका हलका केला की अंगठा लावावा आणि तो यावा. गोळ्या नेमापेक्षा खाली लागत होत्या, म्हणून वसंतात नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी रेंजवरच कानशीने थोडी घासायची, गोळ्या झाडून बघायच्या, पुन्हा थोडी घासायची, असं त्याचं चालायचं. मी म्हटलं, एकदाच काय ती घासून टाका की.

"घासलेलं लोखंड वापस येत नाही ना भाऊ," तो म्हणाला. "मले कुठं गाडी पकडायची हाये?"

क्लबात वॉल्ट नावाचा सगळ्यात जुना सभासद होता. बाकावर मांडलेल्या रिव्हॉल्व्हरांपैकी तो आधी कोणतं उचलतो यावर तिथली इभ्रत ठरायची. तो दर वेळी गजभियेचं उचलायचा. "नाइस वर्क, गज," म्हणायचा, बाकीच्यांना बोलावून दाखवायचा आणि माझ्याकडे वळून "व्हेरी शायनी" म्हणायचा. मला फक्त एवढंच हवं होतं की वॉल्टने एकदा, निदान एकदा तरी, माझं आधी उचलावं. त्यासाठी मी महागडी तेलं आणली, मखमलीची पेटी आणली. काही उपयोग झाला नाही.

त्या दसऱ्याला मी घरी शस्त्रपूजा मांडली. चापाला कुलूप घालून रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवलं, पाणी लावून हळद-कुंकवाची ठसठशीत बोटं ओढली, वर अक्षता वाहिल्या. आपट्याची पानं इथे कुठून मिळणार, म्हणून मेपलची लाल पानं सोनं म्हणून वाटली. गजभिये आमचे सण करत नसे. त्या दिवशी त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम असायचा. तो उरकून पांढऱ्या शुभ्र शर्टात तो जेवायला आला. पाटाकडे बघितलं आणि हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "ते ओलं पुसून टाका भाऊ. लोखंड हाये."

मी म्हटलं, "पूजा आहे, गजभिये. उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावत नसतात." अगदी भटजींच्या थाटात म्हटलं. एरवी मी घरात उदबत्तीसुद्धा लावत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर तत्क्षणी पुसलं असतं. पण याने सांगितलं म्हणून ते कुंकू दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. पुसलं तेव्हा खाली गंजाची बोटं उमटलेली होती. तेलाने गेली नाहीत, जोराने घासलं तर भोवतालची झिलईही गेली.

मी दोन शनिवार क्लबात गेलो नाही. शेवटी सुनीतानेच त्याला फोन केला. कायद्याने रिव्हॉल्व्हर घेऊन वाटेल तिथे जाता येत नव्हतं, त्यामुळे तोच आपली कानस आणि बाकीची अवजारं घेऊन आमच्या बेसमेंटमध्ये आला. डाग बघून "मी बोललो होतो" असं एकदा तरी म्हणेल, म्हणजे मला भांडता येईल, अशी माझी आशा होती. तो म्हणाला, "जमते ना भाऊ. हे तर काहीच नाही."

हिवाळाभर तो दर शनिवारी आला. व्हिनेगरने उरलेली झिलई उतरवली, खड्डे घासून सपाट केले, सगळ्याला पावसाळी आभाळासारखा एकसारखा करडा रंग आणला. मूठही नवी केली. मी दिवा धरून उभा. सुनीता वरून भजी पाठवायची, आणि गरम घाणा आधी त्याला. मूठ करताना त्याने तीन-चारदा माझा पंजा हातात घेऊन मापला. आपल्याच वस्तूवर दुसऱ्याचा हात असा फिरताना बघणं फार वाईट असतं, विशेषतः तो हात चुकत नसेल तर.

वसंतात रेंज उघडली. वॉल्ट बाकाशी आला आणि त्याने माझं रिव्हॉल्व्हर उचललं, आधी माझं. उलटंपालटं केलं, घोडा ओढून बघितला, मूठ दाबली. "नाऊ दॅट इज अ गन. हू डिड इट?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधीच गजभिये बोलला. "ही डिड. ऑल विंटर. आय ओन्ली हेल्ड द लाइट."

वॉल्टने माझा हात हातात घेऊन हलवला. बाकीचे गोळा झाले. ज्याची इतके दिवस वाट पाहिली ते समोर होतं आणि मला धड हसताही येईना.

परतताना गाडीत मी चिडून विचारलं, "कशाला खोटं बोललात?"

तो काचेबाहेर वितळणाऱ्या बर्फाकडे बघत होता. "तुमालेच पायजे होतं ना ते," तो म्हणाला. "मले घासायले भेटलं. माझं झालं."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून.

पुढे तो मुलीकडे, पार पश्चिम किनाऱ्यावरच्या कोक्विटलामला राहायला गेला आणि तिथेच एका सकाळी झोपेतच गेला. मुलीने फोनवर सांगितलं तेव्हा मी बराच वेळ बेसमेंटच्या पायरीवर बसून राहिलो. मला रडू आलं, आणि त्यातही मनात हे आलं की असं मरणंही याला किती सफाईने जमलं.

क्लबात मी वॉल्टला खरं काय ते सांगितलं. ते रिव्हॉल्व्हर गजभियेने केलं, मी फक्त दिवा धरला होता. वॉल्टने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गज टोल्ड मी यू वुड से दॅट," तो म्हणाला. आता नवा सभासद आला की वॉल्ट त्याला माझ्याकडे आणतो, रिव्हॉल्व्हर दाखवतो, आणि मी गजभियेचं नाव घेतलं की हसून सांगतो, बघा, एवढं काम करून हा माणूस श्रेयसुद्धा घेत नाही.